मुलांसाठी अमेरिकेचा इतिहास लिहिताना: नव्या लेखकांसाठी मार्गदर्शन

मराठीत मुलांसाठी अमेरिकेचा इतिहास बहुधा वॉशिंग्टन, लिंकन आणि एडिसन यांच्या छोट्या चरित्रांच्या रूपाने येतो. अशी चरित्रे वाचून मुलांना नावे आणि सनावळ्या कळतात. परंतु त्या काळात माणसे काय काम करत होती, कशाला भीत होती आणि कोणाच्या हुकमाखाली जगत होती, हे त्यांना कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय इतिहास मुलांच्या मनात घर करत नाही. ज्यांना या विषयावर आपले पहिले पुस्तक लिहायचे आहे, मग ते चित्रपुस्तक असो वा दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी छोटी कादंबरी, त्यांच्यासाठी कामाचा क्रम येथे दिला आहे. तो नीट समजावा म्हणून एक खरी हकिकत बहुतेक पायऱ्यांवर सोबत घेतली आहे: अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरचा आचारी हर्क्युलीस आणि त्याची सहा वर्षांची मुलगी यांची.

पहिली पायरी: विषय लहान करावा

स्वातंत्र्ययुद्ध, गुलामगिरी किंवा पश्चिमेकडचा विस्तार हे विषय एका पुस्तकात मावत नाहीत, आणि मावेपर्यंत दाबले की त्यांतून माणसे गळून पडतात. म्हणून एक घर, एक दिवस, एखादे पत्र किंवा एखादा प्रवास निवडावा. तो निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या छोट्या घटनेला हात घातला तर मोठा प्रश्न आपोआप वर येतो का?

हर्क्युलीसच्या बाबतीत तो येतो. हर्क्युलीस हा गुलामगिरीत ठेवलेला माणूस होता. व्हर्जिनियात पोटोमॅक नदीच्या काठी असलेल्या माउंट व्हर्नन या वॉशिंग्टन यांच्या मळ्यावरून त्याला १७९० मध्ये फिलाडेल्फियाला, अध्यक्षांच्या निवासात स्वयंपाकासाठी आणण्यात आले. फिलाडेल्फिया ज्यात आहे त्या पेनसिल्व्हेनिया राज्याने १७८० मध्ये गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा केला होता आणि त्यानुसार बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राज्यात राहिला तर त्याला स्वातंत्र्य मागता येत असे. तशी वेळ येऊ नये म्हणून सहा महिने भरण्याआधी या माणसांना राज्याबाहेर फिरवून आणण्याची व्यवस्था वॉशिंग्टन यांनी केली होती. हे काम अशा निमित्ताने करावे की त्या माणसांना आणि जनतेलाही खरे कारण कळू नये, असे त्यांनी एप्रिल १७९१ मध्ये आपल्या सचिवाला लिहिलेले पत्र आजही वाचता येते. स्वातंत्र्याच्या लढ्याचा सेनापती आणि त्याच्याच घरातली परतंत्र माणसे, हा अमेरिकेच्या इतिहासातला सर्वांत अवघड प्रश्न एका स्वयंपाकघरात येऊन उभा राहतो. विषय लहान करण्याचा अर्थ हाच आहे.

दुसरी पायरी: त्या घटनेतले मूल शोधावे

मुलांच्या पुस्तकात मूल असलेच पाहिजे असा नियम नाही. परंतु नवख्या लेखकाने आधी ते शोधावे, कारण मुलाच्या नजरेतून काय दिसते आणि काय दिसत नाही याची मर्यादा लेखनाला आपोआप शिस्त लावते.

पुढे माउंट व्हर्ननला परत नेलेला हर्क्युलीस २२ फेब्रुवारी १७९७ रोजी, म्हणजे वॉशिंग्टन यांच्या पासष्टाव्या वाढदिवशी, तेथून निसटला. काही आठवड्यांनी, एप्रिलमध्ये, मायदेशातून परागंदा झालेला फ्रान्सचा तरुण राजपुत्र लुई-फिलिप, जो पुढे १८३० मध्ये फ्रान्सचा राजा झाला, तेथे पाहुणा म्हणून आला. त्याच्या रोजनिशीत एक लहान नोंद आहे. आचारी पळून गेला असून त्याची सहा वर्षांची मुलगी मागे राहिली आहे, हे त्याला कळले. वडील पुन्हा कधी दिसणार नाहीत म्हणून तुला फार वाईट वाटत असेल, असे राजपुत्राच्या नोकराने त्या मुलीला म्हटले. तिने उत्तर दिले की तिला फार आनंद झाला आहे, कारण वडील आता स्वतंत्र आहेत. इतकीच नोंद आहे, आणि कोणत्याही लेखकाला कल्पनेने याहून चांगले वाक्य सुचणार नाही.

अशी मुले अमेरिकेच्या कागदपत्रांत ठिकठिकाणी आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफील्ड गावच्या अकरा वर्षांच्या ग्रेस बेडेलने १५ ऑक्टोबर १८६० रोजी अध्यक्षपदाचे उमेदवार अब्राहम लिंकन यांना दाढी वाढवण्याचा सल्ला देणारे पत्र लिहिले, आणि लिंकन यांनी चारच दिवसांनी तिला उत्तर दिले. न्यूयॉर्कमधल्या वर्तमानपत्रे विकणाऱ्या मुलांनी जुलै १८९९ मध्ये पुलित्झर आणि हर्स्ट या दोन बलाढ्य मालकांविरुद्ध संप केला. स्पेनबरोबरच्या युद्धाच्या काळात शंभर अंकांचा घाऊक भाव पन्नास सेंटवरून साठ सेंटवर गेला होता आणि युद्ध संपल्यावरही या दोघांनी तो खाली आणला नव्हता. संपानंतर भाव उतरला नाही, पण न खपलेले अंक परत घेण्याचे मालकांनी मान्य केले. अशी अर्धी जीत मुलांना पूर्ण विजयापेक्षा अधिक खरी वाटते, कारण शाळेतल्या आणि घरातल्या त्यांच्या स्वतःच्या लढाया बहुधा अशाच संपतात. आणि १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लीन्समध्ये संघराज्याच्या मार्शलांच्या पहाऱ्यात तोवर फक्त गोऱ्या मुलांसाठी असलेल्या शाळेच्या पायऱ्या चढणारी सहा वर्षांची कृष्णवर्णीय रूबी ब्रिजेस तर जगभर ठाऊक आहे. तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले असल्यामुळे नव्या लेखकाने शक्यतो कमी परिचित मूल निवडावे.

मराठी वाचकासाठी दार

मराठी मुलाला या इतिहासात कोठून आत न्यायचे, याचा विचार लेखन सुरू करण्यापूर्वीच करावा. ओढूनताणून जुळवलेले संबंध मुलांना लगेच कळतात. मात्र खरे संबंध पुरेसे आहेत. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ब्रिटिशांच्या चहावरील कराच्या निषेधार्थ बोस्टनच्या धक्क्यावर ज्या ३४२ पेट्या चहा समुद्रात टाकण्यात आला, तो चहा चीनमधला होता, पण मालकी ईस्ट इंडिया कंपनीची होती, आणि ही कंपनी महाराष्ट्रातल्या मुलाला शाळेच्या पुस्तकातून चांगली माहीत असते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, एवढे एक वाक्य घातले तरी काळाचा अंदाज पक्का होतो. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांच्या मुक्तीसाठी त्याग केला त्यांना अर्पण केले, ही गोष्ट तर हर्क्युलीसच्या कथेला थेट जाऊन मिळते.

ज्यांना परक्या भूमीवर एकदम उतरण्याचा संकोच वाटतो, त्यांनी आनंदीबाई जोशी यांच्या फिलाडेल्फियातल्या तीन वर्षांपासून सुरुवात करावी. स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देणारे तेथील महाविद्यालय १८५० मध्ये स्थापन झाले होते आणि आनंदीबाईंनी १८८६ मध्ये तेथून पदवी घेतली. ऑक्टोबर १८८५ मधल्या एका छायाचित्रात त्या, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली अशा तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात बसलेल्या दिसतात. या छायाचित्रावरून आनंदीबाईंचे चरित्र लिहावेच असे नाही. अमेरिकेतल्या मुलींना डॉक्टर होण्यासाठी काय झगडावे लागले आणि त्याच महाविद्यालयात जगाच्या तीन टोकांच्या मुली कशा येऊन बसल्या, हा स्वतंत्र आणि अजून पुरेसा न लिहिलेला विषय आहे. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांनाही असे पुस्तक आपले वाटेल, कारण त्यात त्यांचे दोन्ही देश एकाच पानावर येतात.

तिसरी पायरी: मूळ कागद वाचावेत

या कामासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही. वॉशिंग्टन, जेफरसन, फ्रँकलिन आदींचा पत्रव्यवहार ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुन्या वर्तमानपत्रांची लाखो पाने खुली केली आहेत. त्यांतल्या बातम्यांपेक्षा जाहिराती अधिक बारकाईने वाचाव्यात, कारण बुटांची किंमत, आगबोटीची वेळ आणि पळून गेलेल्या गुलामांचे वर्णन तेथेच सापडते. लुईस हाइन यांनी १९०८ पासून गिरण्यांत, कोळशाच्या खाणींत आणि रस्त्यांवर काम करणाऱ्या मुलांची जी हजारो छायाचित्रे काढली, ती याच ग्रंथालयात असून प्रत्येकाखाली हाइन यांनी मुलाचे काम आणि पुष्कळदा नाव व वयही लिहून ठेवले आहे. पेनसिल्व्हेनियातल्या पिट्स्टन येथे कोळशातून दगड वेचणाऱ्या मुलांचे काळवंडलेले चेहरे तासभर पाहिले, तर बालकामगार या विषयावर काय लिहायचे ते वेगळे शोधावे लागणार नाही.

मूळ कागद म्हणजे निखळ सत्य, असे मात्र समजू नये. कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि कोणासमोर बोलले गेले, हे प्रत्येक कागदाला विचारावे. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी प्रकल्पाखाली पूर्वी गुलाम असलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या गेल्या. हा ठेवा अनमोल आहे. परंतु प्रश्न विचारणारे बहुतेक गोरे होते, मंदीचा काळ होता, आणि म्हातारी माणसे समोरच्याला रुचेल तेच बोलण्याची शक्यता होती. बोस्टनच्या चहाप्रसंगात सामील असलेला चांभार जॉर्ज ह्यूज याच्या आठवणी तर घटनेनंतर साठ वर्षांनी, १८३४ मध्ये छापल्या गेल्या. जॉन हॅनकॉकसारखा धनाढ्य पुढारी आपल्या शेजारी उभा राहून पेट्या फोडत होता, असे त्याला आठवत होते. इतिहासकारांना ते संभवनीय वाटत नाही. तरीही ती आठवण टाकून देऊ नये. एका गरीब कारागिराला आयुष्यभर काय जपावेसे वाटले, हे तिच्यातून समजते.

हर्क्युलीसचे वर्णनही असेच एका उशिराच्या आठवणीतून आलेले आहे. वॉशिंग्टन यांच्या घरात वाढलेला, त्यांच्या पत्नी मार्था यांचा नातू जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस याने ते लिहिले. संध्याकाळी काम आटोपल्यावर हर्क्युलीस मखमली कॉलरचा निळा कोट, तिकोनी टोपी आणि सोन्याच्या मुठीची काठी अशा थाटात फिलाडेल्फियाच्या रस्त्यावर फिरायला निघे, आणि स्वयंपाकघरातले उरलेसुरले विकण्याच्या हक्कातून त्याला बरे पैसे मिळत, असे कस्टिस सांगतो. आता याच्या शेजारी माउंट व्हर्ननचे आठवड्याचे कामाचे अहवाल ठेवावेत. १७९६ च्या अखेरीस तोच माणूस दगड फोडताना आणि विटांसाठी माती खणताना त्यांत दिसतो. काठी घेऊन फिरणारा माणूस आणि माती खणणारा माणूस यांच्यामध्ये काय घडले असेल, हा प्रश्न मुलांच्या मनात उठवणे, एवढेच लेखकाचे काम आहे. त्यासाठी एकही विशेषण खर्चावे लागत नाही.

चौथी पायरी: दंतकथा बाजूला काढाव्यात

मराठी बालसाहित्यात वर्षानुवर्षे फिरत असलेली वॉशिंग्टन आणि चेरीच्या झाडाची गोष्ट मेसन वीम्स या चरित्रकाराने आपल्या पुस्तकाच्या १८०६ च्या आवृत्तीत घातली. तिला दुसरा आधार नाही. बेट्सी रॉस या शिवणकाम करणाऱ्या बाईने अमेरिकेचा पहिला ध्वज शिवला ही कथा तिच्या नातवाने १८७० मध्ये, म्हणजे जवळजवळ एका शतकानंतर, प्रथम जाहीरपणे सांगितली. ब्रिटिश फौज येत असल्याचा इशारा द्यायला पॉल रिव्हियर १८ एप्रिल १७७५ च्या रात्री एकटाच घोड्यावरून दौडत गेला, ही समजूत एका लोकप्रिय कवितेने पसरवली. प्रत्यक्षात त्याच्या बरोबरीने विल्यम डॉज आणि सॅम्युअल प्रेस्कॉट हेही होते, आणि कॉन्कर्ड गावी पोहोचला तो फक्त प्रेस्कॉट.

दंतकथा खोडून काढण्यात पाने घालवू नयेत. तिच्या जागी खरी आणि तितकीच लक्षात राहणारी गोष्ट द्यावी. वॉशिंग्टन यांचे दात लाकडी होते, असे मुले ऐकून असतात. ते हस्तिदंताचे, धातूचे आणि माणसांच्या दातांचे होते, आणि १७८४ च्या हिशेबात गुलामांकडून घेतलेल्या दातांसाठी पैसे दिल्याची नोंद आहे. ही माहिती सहा वर्षांच्या मुलाला द्यावी की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. बारा वर्षांच्या मुलापासून ती लपवण्याचे कारण नाही.

पाचवी पायरी: दुःख किती आणि कसे सांगावे

या पायरीवर सर्वाधिक पुस्तके घसरतात. जानेवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने हर्क्युलीसवरचे एक चित्रपुस्तक प्रसिद्ध केले. त्यात तो आणि त्याची मुलगी वॉशिंग्टन यांच्या वाढदिवसाचा केक हसतमुखाने, उत्साहाने बनवताना दाखवले होते. गुलामगिरी सुखाची होती असा समज मुलांच्या मनात निर्माण होईल, अशी सर्व बाजूंनी टीका झाली आणि काही दिवसांतच पुस्तक बाजारातून मागे घेण्यात आले. तो माणूस अशाच एका वाढदिवशी पळून गेला, ही माहिती कथेच्या बाहेर, शेवटच्या टिपेत होती. जे सत्य कथेचा अर्थच बदलते ते टिपेत ढकलता येत नाही, हा धडा प्रत्येक नव्या लेखकाने पक्का लक्षात ठेवावा.

उलट बाजूची चूकही टाळावी. मार, रक्त आणि आक्रोश यांनी भरलेले पुस्तक लहान मूल मिटून ठेवते, आणि गुलामगिरीतली माणसे त्यात केवळ सोसणारी राहतात. ती माणसे बेत आखत होती, प्रार्थना करत होती, मुलांना नावे ठेवत होती, संधी दिसली की निघून जात होती. वॉशिंग्टन यांच्याच घरातली ओना जज ही तरुण मुलगी २१ मे १७९६ रोजी मंडळी जेवायला बसलेली असताना घराबाहेर पडली ती कायमची. तिला शोधून देणाऱ्यास बक्षीस देणारी जाहिरात वर्तमानपत्रात आली, पण ती सापडली असूनही परत आणता आली नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी लिहिताना अन्याय स्पष्ट शब्दांत सांगावा: या माणसांना पगार नव्हता, जाण्याची परवानगी नव्हती, त्यांची मुले विकली जाऊ शकत होती. एवढे कोणत्याही मुलाला समजते. शारीरिक अत्याचाराचे तपशील मोठ्या वयासाठी राखून ठेवावेत.

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांविषयी लिहिताना सर्वांना एकाच नावाखाली गोळा करू नये. १६२१ मध्ये प्लिमथ या इंग्रज वसाहतीत झालेल्या सुगीच्या मेजवानीला मॅसासॉइट हा प्रमुख आपल्या सुमारे नव्वद माणसांसह आला, ते लोक वाम्पानोआग होते. चेरोकी, लाकोटा आणि नवाहो यांच्या भाषा, घरे आणि शेती निराळी होती. ज्या समाजावर लिहितो त्याचे आज जिवंत असलेले लोक आपले पुस्तक वाचू शकतात, हे ध्यानात ठेवून लिहावे.

सहावी पायरी: कल्पनेची हद्द आखावी

हस्तलिखिताची एक प्रत घेऊन तीन रंगांच्या पेन्सिलींनी प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढावी: एक रंग कागदपत्रांत असलेल्या गोष्टीला, दुसरा त्या काळाच्या माहितीवरून काढलेल्या अनुमानाला आणि तिसरा निव्वळ कल्पनेला. हर्क्युलीस २२ फेब्रुवारीला निघून गेला हा पहिला रंग. फेब्रुवारीत तेथे थंडी असते, म्हणून त्याला थंडी वाजली असेल, हा दुसरा. निघण्यापूर्वी त्याने झोपलेल्या मुलीच्या कपाळावरून हात फिरवला, हा तिसरा. सत्यकथा म्हणून पुस्तक छापायचे असेल तर तिसऱ्या रंगाचे वाक्य काढावे, किंवा ‘कदाचित’ म्हणून उघडपणे सांगावे. कादंबरी असेल तर ते ठेवता येते, पण त्यात ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी महत्त्वाचा निर्णय किंवा मत घालू नये.

राजपुत्राच्या त्या नोंदीत मुलीचे नाव नाही. हर्क्युलीसची रिचमंड, एव्ही आणि डेलिया अशी तीन मुले इतर कागदांत सापडतात. परंतु त्यांतली धाकटी डेलियासुद्धा १७९७ मध्ये सहा वर्षांपेक्षा बरीच मोठी असावी. अशा वेळी सोयीसाठी एखादे नाव चिकटवण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि पुस्तकातच लिहावे की तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. मुले या वाक्यापाशी थांबतात आणि का लिहिले नाही, असे विचारतात; या प्रश्नापर्यंत त्यांना आणणे म्हणजेच इतिहास शिकवणे.

सातवी पायरी: चित्रे आणि पाने

चित्रपुस्तक बहुधा बत्तीस पानांचे असते, कारण छपाईचा मोठा कागद दुमडून आठ किंवा सोळा पानांचे गठ्ठे तयार होतात. शीर्षक आणि श्रेयनामावली वजा जाता कथेसाठी चौदा-पंधरा जोडपाने उरतात. कोरे कागद दुमडून लहानशी नमुनाप्रत करावी आणि प्रत्येक जोडपानावर एकच घटना लिहावी. ज्या जोडपानावर चित्रकाराला काढण्यासारखे काही नसेल, तेथील मजकूर बहुधा उपदेशाचा असतो आणि तो गाळता येतो.

चित्रकाराला कपडे, चुली, दिवे, भांडी यांचे संदर्भ लेखकाने स्वतः जमवून द्यावेत. येथेही शहानिशा हवी. माद्रिदमधल्या एका संग्रहालयातले उंच पांढरी टोपी घातलेल्या माणसाचे चित्र अनेक वर्षे हर्क्युलीसचे म्हणून पुस्तकांत छापले गेले. तज्ज्ञांनी तपासल्यावर ते त्याचे नाही, असे ठरले. तो कसा दिसत होता हे कोणालाही माहीत नसल्यामुळे चित्रकाराने त्याला पाठमोरा, चुलीच्या उजेडात किंवा हातांपुरता दाखवला तर ते अधिक प्रामाणिक होईल.

शेवटच्या मजकुराची तयारी

पुस्तकाच्या शेवटी दोन पानांची टीप ठेवावी. कोणती गोष्ट कोठून घेतली, काय कल्पनेने भरले आणि पुढे काय झाले, हे तिच्यात मुलांच्याच भाषेत असावे. हर्क्युलीसच्या पुस्तकात तेथे असे लिहिता येईल: वॉशिंग्टन यांच्या मृत्युपत्रामुळे त्यांच्या मालकीची माणसे १ जानेवारी १८०१ रोजी मुक्त झाली आणि पळून गेलेला हर्क्युलीसही कायद्याने स्वतंत्र ठरला, पण रिचमंड, एव्ही आणि डेलिया यांची गणना मार्था यांच्या पहिल्या पतीच्या मालमत्तेत होत असल्यामुळे ती मुक्त झाली नाहीत. त्याखाली छोटा कालपट द्यावा. मैलांचे किलोमीटर करावेत, आणि डॉलरची रक्कम आजच्या रुपयांत बदलण्याऐवजी त्या पैशांत तेव्हा काय विकत मिळे ते सांगावे.

मजकूर पक्का करण्यापूर्वी तो ज्या वयासाठी लिहिला आहे त्या वयाच्या, शक्यतो आपल्या घरच्या नसलेल्या, मुलांना वाचून दाखवावा आणि त्यांनी मध्येच विचारलेले प्रश्न शब्दशः टिपून घ्यावेत. जेथे मुले चुळबुळ करतात तेथे बहुधा लेखकाने आपली विद्वत्ता दाखवलेली असते. त्यानंतर विषयाच्या जाणकाराकडून तथ्ये तपासून घ्यावीत. माउंट व्हर्ननसारख्या संस्थांची ग्रंथालये नेमक्या प्रश्नांना उत्तर देतात, मात्र ‘सर्व माहिती पाठवा’ असे पत्र त्यांना लिहू नये.

छायाचित्रे वापरायची असतील तर प्रत्येकाची हक्कांविषयीची नोंद वाचावी. अमेरिकेच्या संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेले साहित्य तेथे हक्कमुक्त असते, आणि प्रकाशनाला पंच्याण्णव वर्षे उलटून गेलेले साहित्यही सामान्यतः खुले असते. पण संग्रहालयाने नव्याने काढलेल्या छायाचित्रांना निराळ्या अटी असू शकतात. चित्राचा संग्रह, नोंदक्रमांक आणि उतरवून घेतल्याची तारीख एका वहीत पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावी, कारण पुस्तक छपाईला जाताना प्रकाशक ही यादी मागतो आणि तेव्हा ती नव्याने जमवणे फार कष्टाचे होते.